नेकला ग्राइंडर लावायच्या आधी एवढं वाच

भावा, तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर नीट झोप लागली नाही. तासगावची काकांची 1994 ची बुलेट, मिस्त्री म्हणतोय नेक, म्हणजे फ्रेमची हँडल बसतं ती पुढची नळी, कापून पुढं ढकलू, पुढचं चाक धरणारा लांब फोर्क टाकू, मागं जाड टायर, डिसेंबरात गोव्याला बाईक वीकला न्यायची, आणि शेवटी तुझं वाक्य, "कागदाचं नंतर बघू, आधी गाडी तर होऊ दे." हेच वाक्य मी 2009 च्या दिवाळीत साताऱ्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये उभा राहून बोललो होतो, शब्दाला शब्द. म्हणून लिहितोय. मोठं होईल, पण पूर्ण वाच.

इंजिन, क्लच, वायरिंग यातलं काही सांगत बसत नाही, फोटो बघून कळतंय की तुझा हात बसलेला आहे. मला फक्त नेकबद्दल बोलायचंय.

आमच्या अण्णांची 1995 ची स्टँडर्ड 350, एमएच 11 पासिंग. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, जुन्या बुलेटचं जसं असतं तसं. दर पौषात अण्णा त्याच गाडीवर पालीच्या खंडोबाला जायचे आणि परत यायचे तेव्हा टाकीपासून मडगार्डपर्यंत गाडी भंडाऱ्यानं पिवळी झालेली असायची. मी तिला दोन दिवस पाणी लावायचो नाही.

आणि मी त्या काळात केबलवर डिस्कव्हरीला अमेरिकन चॉपर हा लांब फोर्कच्या, हातानं बनवलेल्या गाड्यांचा कार्यक्रम बघून येडा झालो होतो. न्यूयॉर्क राज्यातलं ते ऑरेंज काउंटी चॉपर्स, बाप पॉल आणि पोरगा पॉल ज्युनिअर एकमेकांवर ओरडतायत, खुर्च्या फेकतायत, आणि शेवटी पडद्यामागून अशी गाडी बाहेर येते की अंगावर काटा. 9/11 ला गेलेल्या फायरमनच्या आठवणीत केलेली ती लाल फायर बाईक तर मी किती वेळा बघितली असेल. मला आजही तो कार्यक्रम आवडतो, त्यानं आमच्या पिढीला शिकवलं की गाडी ही शोरूममधून आली तशीच ठेवायची वस्तू नाही, ती हातानं घडवता येते. पण एक गोष्ट त्यात कधी दिसली नाही, आणि तीच मला महागात पडली. ती माणसं कुणाची पासिंग झालेली गाडी कापत नव्हती. फ्रेम कोरी, इंजिन एस अँड एस सारख्या कंपनीकडून पेटीतून आलेलं, गाडीच मुळात नवीन. आणि तिकडं अशा घरी बनवलेल्या गाडीला त्या त्या राज्याचं खातं तपासणी करून स्वतःचा नंबर देऊ शकतं. आपल्याकडं तो रस्ताच नाही. आपल्याकडं नवीन मॉडेल रस्त्यावर आणायचं म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास करून घ्यायचं, आणि ते कंपन्यांचं काम आहे, तुझ्यामाझ्यासारख्याचं नाही. म्हणजे आपण टीव्हीवर त्यांचं बघून आपल्या आरसीवरची गाडी कापतो. दोन्ही कामं दिसायला सारखी, पण कायद्यात एकदम वेगळी.

आता मूळ चूक. बुलेटचा चेसिस नंबर कुठं असतो तुला माहिती आहे, नेकवरच. मलाही माहिती होतं. मिस्त्रीनं पहिल्या दिवशी विचारलं पण होतं, "नंबरचं काय करायचं?" मी म्हटलं सांभाळून काप. त्यानं सांभाळून कापलं, पण नेक दहा अंश पुढं झुकवायला खालून पाचर काढली, वेल्डिंग केलं, वेल्डिंगचा फुगवटा दिसू नये म्हणून ग्राइंडरनं सपाट केला, वर पुट्टी, वर काळा रंग. मी स्वतः पॉलिश पेपर मारला. आठवड्यानं गाडी उभी राहिली तेव्हा शेडमधली सगळी पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी एकदाही नंबरवर हात फिरवून बघितला नाही. कापायच्या आधी फोटो नाही, नंबरवर कागद ठेवून घासून घेतात ती पेन्सिल प्रिंट नाही, काही नाही.

चालवायला कशी होती ते पण सांगतो. साध्या गाडीचा रेक, म्हणजे नेकचा झुकलेला कोन, साधारण 25 ते 28 अंशांच्या आसपास असतो, चॉपरचा 40 च्या घरात जातो. सरळ हायवेला मस्त, हात सोडला तरी सरळ. पण यवतेश्वरचा घाट चढायला घेतला आणि पहिल्याच मोठ्या वळणाला हँडल स्वतःहून आत पडायला लागलं, दोन्ही हातांनी ओढून धरायला लागायचं. कासला पोचेपर्यंत खांदे भरून आले. अमेरिकेतल्या सरळसोट रस्त्यांसाठी ती गाडी बरोबर आहे, आपल्या घाटांना नाही, हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो.

2010 ला पंधरा वर्षं झाली, रीपासिंगला गेलो. तपासणीला आलेले साहेब शांत माणूस, कागदाची पट्टी नेकवर ठेवली आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागले. मी जवळच उभा होतो. पहिली दोन अक्षरं उठली. मग एक आकडा अर्धा. मग नुसता करडा पट्टा, गुळगुळीत. त्यांनी पट्टी उचलली, परत ठेवली, परत घासली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हे काय केलंत?" मला अजून तो पेन्सिलचा आवाज आठवतो.

तिथून पुढं साडेतीन वर्षं. कुठलं कार्यालय, कुठल्या गावचं, ते लिहिणार नाही, लिहून काही फायदा नाही. एक टेबल म्हणायचं पोलिसांचं पत्र आणा की ही गाडी चोरीची नाही. पोलीस म्हणायचे आम्ही असं आपणहून देत नाही, त्यांचं पत्र आणा की चौकशी करा म्हणून. परत टेबलावर यायचं, तर ते साहेब बदलून गेलेले, नवीन साहेबांना फाईल पहिल्यापासून सांगायची. अर्ज दिला की आवक नंबर मिळायचा आणि पुढच्या वेळी तोच आवक नंबर रजिस्टरात सापडायचा नाही. मी म्हणायचो, अहो, पहिल्या पासिंगच्या फॉर्मवर चेसिसची पेन्सिल प्रिंट चिकटवलेली असते, 1995 ची तुमच्याच रेकॉर्डला असणार, ती काढा आणि जुळवा. उत्तर ठरलेलं, जुनं रेकॉर्ड सापडत नाही. शोधलं का? सापडत नाही. एका माणसानं तासभर कपाट उघडलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती, आणि ती तीन वर्षं माझी एकट्याची नव्हती. अण्णा चार पौष एसटीनं पालीला गेले. एकदाच विचारलं त्यांनी, गाडी कधी बाहेर निघायची रे, आणि मला उत्तर देता आलं नाही. ह्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाणार पण नाही. चूक माझी होती, हे मान्यच आहे, पण चूक कबूल करून दारात आलेल्या माणसाला वाट दाखवायची सोडून हेलपाटे मारायला लावणं ही त्याहून मोठी चूक आहे.

ह्याच काळात बाहेर चहाच्या टपरीवर एक जण भेटला, म्हणाला कशाला फिरताय, माझ्याकडं पंच आहेत, अर्ध्या तासात नंबर मारून देतो, कुणाला कळत नाही. भावा, हे कधीही करू नको. तुझ्या मिस्त्रीनं सुचवलं तरी नाही. स्वतःहून मारलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीला करतात तेच काम, गाडी जप्त होईल आणि गुन्हा तुझ्या नावावर लागेल, मग आरसी काकांची आहे, गाडी घरातली आहे, हे कोण ऐकणार?

सुटलं कसं, तर पतसंस्थेमुळं. एका ओळखीच्या माणसानं सहज विचारलं, गाडी कर्जावर होती का? कर्ज देताना त्यांनी पण पेन्सिल प्रिंट घेतली असणार. गेलो. तिथल्या बाईंनी दोन दिवसांत 1995 चं कर्जप्रकरण काढून दिलं, पिवळा पडलेला कागद, त्यावर टाचलेली पट्टी, सगळे आकडे स्वच्छ. ती पट्टी, मूळ बिलाची झेरॉक्स आणि अर्ज अशी फाईल परत लावली, तेव्हा कुठं पोलिसांना पत्र गेलं, त्यांची चौकशी झाली, आणि नंबर अधिकृतपणे परत पंच करायची परवानगी मिळाली. तीसुद्धा नेक मूळ मापात परत आणल्यावर. म्हणजे आधी कापायचे पैसे दिले, मग उलट कापून सरळ करायचे दिले, आणि दुसरा खर्च पहिल्यापेक्षा जास्त. सरळ करताना वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर सापडली ती वेगळीच. ब्रेक मारला की सगळा जोर नेकवर येतो, विचार कर यवतेश्वर उतरताना ती उघडली असती तर.

2014 च्या पौषात अण्णा मागं बसून पालीला गेले. असो.

आता तुझ्यासाठी. मी वकील नाही, आरटीओचा माणूस नाही, नियम बदलत असतात, तेव्हा कापाकापीच्या आधी स्वतः जाऊन विचार आणि जमलं तर लेखी घे. पण माझ्या वेळेपेक्षा आता कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीनं मुळात दिलेल्या माहितीपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही असं कायद्यात आहे. दर बदलामागं, हे लक्षात घे. वर इन्शुरन्सवाले, अपघात झाला आणि गाडी बदललेली निघाली की क्लेमला हात वर करतात.

माझं मत विचारशील तर रस्त्याची गाडी आणि शोची गाडी वेगळी ठेव. काकांची बुलेट कापू नको. तिला बॉबरसारखी कर, म्हणजे जे बोल्ट खोलून होतं आणि बोल्ट लावून परत जसंच्या तसं करता येतं तेवढंच. सिंगल सीट, हँडल, हेडलाइट, टाकीवर चांगलं हातकाम. मूळ पार्ट एक सुद्धा भंगारात घालू नको, गोणीत भरून माळ्यावर टाक. रंग बदलायचा असला तर तो पण आरसीवर असतो, तेव्हा आधी कळव. सायलेन्सरला तर हातच लावू नको, पोलीस रोडरोलर फिरवतात ते फोटो तू बघितलेच असशील, आणि खरं सांगू का, गल्लीत म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं असतात, तो फटफटाट मला आता सहन होत नाही.

आणि अगदी चॉपरच करायचं असेल, लांब नेकचं, तर रीतसर रजिस्ट्रेशन रद्द झालेली फ्रेम बघ, बिलासकट घे, आणि ती गाडी फक्त शोसाठी बनव. टेम्पोत घालून ने. ह्यात कमीपणा काही नाही, बाहेरच्या मोठ्या शोमध्ये पण कितीतरी गाड्या ट्रेलरवरूनच येतात. मुंबईचे अक्षय वर्दे, जयपूरचं राजपुताना कस्टम्स यांची कामं बघ, आपल्याच बुलेटवर काय काय होऊ शकतं ते कळेल. नुसतं लांब केलं म्हणजे कस्टम होत नाही. वायर कुठं लपवली, टाकीची रेष सीटला कशी मिळाली, वेल्डिंग रंगाशिवाय दाखवता येतं का, जाणकार माणूस हे बघतो.

एक राहिलंच, तुझ्या पोस्टखाली कुणीतरी सीटवर उभं राहून बायपासला फोटो काढू असं लिहिलंय. त्याला सांग, इंडियन लॅरी म्हणून न्यूयॉर्कचा एक फार मोठा कारागीर होता, टीव्हीवरच्या त्या बिल्ड-ऑफवाल्या, म्हणजे गाडी बनवायच्या स्पर्धेच्या कार्यक्रमातला, हाताचं काम असं की मी अजून त्याचे फोटो जपून ठेवलेत. सीटवर उभं राहायचं हा त्याचा नेहमीचा खेळ होता, शेकडो वेळा केलेला. 2004 मध्ये एका शोमध्ये तोच करताना पडला आणि गेला. आपल्या बायपासला तर मध्येच ट्रॅक्टर येतो, उसाची ट्रॉली येते.

गोव्याला जाणार असशील तर आजरा, आंबोली, सावंतवाडी असा जा, रस्ता सुंदर आहे, आणि बांद्याला हद्दीवर तपासणी होऊ शकते म्हणून आरसी, इन्शुरन्स, पीयूसी वर लागतील असे ठेव. 2013 ला वागातोरला तो बाईक वीक सुरू झाला तेव्हापासून मला जायचं होतं, त्या वर्षी माझी गाडी शेडमध्ये उभी होती.

मिस्त्रीला आज फोन करून थांबव. मग एक काम कर, नेकवरची ग्रीस रॉकेलनं पुस, मोबाईलनं नंबरचा जवळून फोटो काढ, कागद ठेवून पेन्सिलनं दोन प्रिंट घे, एक आरसीबरोबर ठेव, एक काकांकडं दे. आणि काकांना विचार, गाडी तेव्हा कर्जावर घेतली होती का.