जखऱ्या 4:6 : सगळे अर्थ एकदम घेऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकातल्या 'बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने कार्यसिद्धी होईल' या वचनावर रविवारी संदेश द्यायचाय, क्लासच्या पीडीएफमध्ये 'खायिल'चे (इथल्या 'बल'साठीचा मूळ हिब्रू शब्द) सैन्य, संपत्ती, शौर्य, सद्गुण असे अर्थ दिलेत, आणि सगळेच सांगू का, असं विचारलंत. नका सांगू. (मी पाळक नाही, सेमिनरीतही गेलेलो नाही. तुमच्या पाळकसाहेबांना विचाराच.)

असलाच एक 'मूळ हिब्रू' क्लास मीही फी भरून केला. नाव घेत नाही. स्ट्राँगच्या कोशातला (त्यात बायबलच्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक असतो) क्रमांक, पुढे अर्थांची रांग, झालं शिकवणं! आता 'कोआख' घ्या, म्हणजे वचनातल्या 'पराक्रमा'चा हिब्रू शब्द, क्रमांक 3581. त्यात शक्तीच्या जोडीला एक मोठा सरडाही आहे, कारण लेवीय 11:30 मधल्या एका सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव तेच. मी ऑफिसला लिहिलं, मग 'घोरपडीने नव्हे, माझ्या आत्म्याने' म्हणायचं का? उत्तर आलं, "नोट्स पुन्हा वाचा." फोन केला तर पुढच्या लेव्हलची फी सांगितली. शंका सोडवायला तिथे हिब्रू येणारं कुणी नव्हतंच. पैसे परत मिळाले नाहीत, हे सांगायला नको.

शब्द वाक्यात बघा. रूथ 3:11 मध्ये बवाज रूथला 'खायिल'ची स्त्री म्हणतो. तिथे सैन्य कुठून आणणार? अनुवाद 8:18 मध्ये तर दोन्ही शब्द शेजारी आहेत: देव 'कोआख' देतो, 'खायिल' मिळवायला. तिथे ती सरळ संपत्ती. नहेम्या 4:10 मध्ये ओझी वाहणाऱ्यांचा 'कोआख' खचतो, कारण मातीचे ढीग उपसून संपत नाहीत. हा अंगातला जोर. जखऱ्यातलं हे वचन ज्याला उद्देशून आहे तो यहूद्यांचा पुढारी जरुब्बाबेलही यरुशलेमच्या मंदिराच्या बांधकामातच अडकलेला होता. म्हणून मी तरी 'ना फौजफाट्याने, ना अंगच्या जोराने' असं वाचतो. माझं मत, पटलं तर घ्या.

'आत्म्या'साठीचा हिब्रू शब्द 'रुआख' म्हणजे वारा, श्वास, आत्मा हे ठाऊक असेलच. पण इथे त्याला 'माझ्या' जोडलेलं आहे, तेव्हा निम्मा संदेश वाऱ्यावर घालवू नका. 'कार्यसिद्धी होईल' या शब्दांवरही फार जोर नको. हिब्रू ओळीत क्रियापदच नाही, ते मराठीत वाक्य पुरं करायला आलंय.

आणि एक राग काढतो. हे वचन सांगून काही मंडळी हात जोडून बसायला शिकवतात. तीन ओळी पुढे वाचा ना! 4:9 मध्ये जरुब्बाबेलाचेच हात मंदिर पुरं करतील असं आहे. एज्रा 6:8 मध्ये पारसाचा दारयावेश राजा खर्च सरकारी तिजोरीतून द्यायला सांगतो, आणि इ. स. पू. 515 च्या सुमारास काम पुरं होतं. हातही लागले, पैसाही लागला.

हिब्रू पाठ उघडून बघणार असाल तर नहेम्याचं ते वचन तिथे 4:4 वर सापडेल. जखऱ्याच्या चौथ्या अध्यायाचे आकडे मात्र जुळतात.