बायका राबतात, तरी शेतकरी पुरुषच का?

तुम्ही विचारलंय, इंदूरजवळच्या सांवेरकडे सोयाबीनची निंदणी-कापणी सगळी बायकाच करताना दिसतात, मग सरकारी आकड्यांत महिला शेतकरी इतक्या कमी कशा?

कारण मोजणी कामाची नसते, जमिनीच्या खात्याची असते. 2015-16 च्या कृषी गणनेत महिला खातेदार साधारण 14 टक्के निघाल्या. उलट कोण काय काम करतं हे विचारणाऱ्या श्रमबल सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी तीन चतुर्थांश शेतीतच दिसतात. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

खरी गोम वारसाहक्कात. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला. बीना अगरवाल यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञ हे कधीपासून मांडत होत्या. पण वडील गेल्यावर नामांतरणाच्या वेळी, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवताना, बहिणीपुढे हकत्यागाचा, आपला हिस्सा सोडल्याचा कागद येतो आणि ती सही करते. माहेर तुटायला नको ना! आपल्या इंदूरच्या मराठी घरांत, वाड्याच्या वाटणीतही हेच चालतं, उगीच गावाला नावं ठेवू नका.

खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत नाव नाही, म्हणजे पीएम-किसानचे वर्षाचे 6000 रुपये तिच्या खात्यात येत नाहीत. पीककर्जालाही जमिनीचेच कागद लागतात. संशोधकही पुष्कळदा कुटुंबप्रमुखालाच प्रश्न विचारतात. तो सांगतो, “ती घरीच असते, शेतात थोडी मदत करते.”

अभ्यास करायचा असेल तर वेळवापर सर्वेक्षणापासून, म्हणजे दिवसाचा वेळ कोण कशात घालवतं याच्या नोंदींपासून सुरुवात करा. देशव्यापी असं पहिलं 2019 चं आहे.