शेड आणि शॅडो, दोन्ही सावलीच ना?

तुम्ही विचारलंय की शब्दकोशात 'शेड' आणि 'शॅडो' दोन्हींपुढे 'सावली' एवढंच लिहिलंय, मग कुठला कधी वापरायचा?

मी बडोद्याची. घरी मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. आमच्या मराठी मुलांना हा फरक मी गुजरातीतून सांगते, कारण तो त्यांना आधीच येत असतो. मे महिन्यात कमाटी बागेबाहेर स्कूटर लावायला आपण जी जागा शोधतो, तो छांयडो. आणि उन्हात उभ्या स्कूटरची हँडल-आरशांसकट जमिनीवर जी आकृती पडते, तो पडछायो. छांयडो म्हणजे शेड, पडछायो म्हणजे शॅडो. मराठीत 'पडछाया' आहे खरा, पण रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना सावलीच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

शेडमध्ये बसायचं असतं, तिथे गारवा महत्त्वाचा, आकार नाही. शॅडोला कडा असतात, ती आपल्याबरोबर चालते, संध्याकाळी लांबते. एक शॅडो, दोन शॅडोज असं मोजताही येतं; झाडाखालची शेड तशी मोजत नाहीत. चंद्रग्रहणात चंद्रावर पडते ती पृथ्वीची शॅडो. गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच जुन्या इंग्रजी शब्दाच्या दोन विभक्तिरूपांतून आले आहेत.

खरी काळजी घ्यायची ती माणसांबद्दल लिहिताना. माझ्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहिलं होतं, 'आय ग्रू अप इन माय ग्रँडफादर्स शॅडो.' तिला म्हणायचं होतं, आजोबांच्या छायेत वाढले. ज्या आजोबांनी तिला रोज सायकलवरून शाळेत सोडलं, त्यांच्याबद्दल ती हे किती प्रेमाने लिहीत होती! पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून कळतं की आजोबांच्या मोठेपणापुढे ही कायम झाकोळून गेली. आपल्याकडे वडीलधाऱ्यांची सावली म्हणजे आधार. इंग्रजीत कुणाच्या शॅडोत असणं म्हणजे दुय्यम राहणं. हा फरक शब्दकोशात पटकन सापडत नाही, म्हणून मी तो मुलांकडून वहीत लिहूनच घेते.

मी तिला 'अंडर हिज विंग' सुचवलं. आपणही पंखाखाली वाढलो म्हणतोच, त्यामुळे तिला ते लगेच आपलंसं वाटलं.

आणि हो, साडीच्या रंगाची छटा सांगायची असेल तर शेडच. तिथे शॅडो चालत नाही.