‘ते रंग दिसतात का?’

प्रश्न असा आहे: गेटिसबर्गच्या लढाईवरच्या एका मराठी लेखात जनरल हँकॉक एका कर्नलला म्हणतो, ‘ते रंग दिसतात का? मग ते घ्या.’ रणांगणात रंग कसले? आणि ‘रेजिमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

रंग नव्हेत, निशाण. पलटणीच्या झेंड्याला इंग्रजीत ‘कलर्स’ म्हणतात. भाषांतरकाराने कोशातला पहिला अर्थ उचलला आणि पुढे गेला.

प्रसंग २ जुलै १८६३ चा, अमेरिकेतल्या यादवीतला. (‘गृहयुद्ध’ हल्ली फार दिसतो. प्रभासक्षेत्री आपसात लढून संपलेल्या यादवांचा शब्द घरात असताना तो कशाला?) सिमेटरी रिज नावाच्या लांबट टेकाडावर उत्तरेच्या, म्हणजे हँकॉकच्या बाजूच्या, फळीत खिंडार पडलं होतं आणि समोरून दक्षिणेतल्या अलाबामा राज्याची ब्रिगेड, म्हणजे कित्येक पलटणी, चालून येत होती. कुमक पोचायला काही मिनिटं हवी होती. हाताशी फक्त ‘पहिली मिनेसोटा’, म्हणजे उत्तरेतल्या मिनेसोटा राज्याची पलटण, तीही दहापैकी आठच कंपन्यांची. ही पलटण कुठली, असं हँकॉकने विचारलं आणि मग ते वाक्य टाकलं. कर्नल कॉल्व्हिलची माणसं संगिनी रोखून उतारावरून धावली. धावून गेलेले २६२, त्यांतले मरून किंवा जखमी होऊन पडलेले २१५. आकडे त्यांच्या स्मारकावर कोरलेत. कॉल्व्हिलही जखमी झाला. पण मिनिटं मिळाली.

आता यात ‘रंग’ घालून बघा, सगळा जीवच जातो. तोफांच्या आवाजात हुकूम ऐकू येत नसे, काळ्या दारूच्या धुरात शेजारच्यापलीकडे फारसं दिसत नसे. शिपाई निशाणाकडे बघून रांग धरायचे. म्हणून शत्रू आधी निशाणवाल्याला टिपायचा. तो पडला की शेजारचा बंदूक टाकून काठी उचलायचा. मी ते वाक्य असं करीन: ‘कर्नल, ते निशाण दिसतंय? जा, हिसकावून आणा.’ दुसऱ्याच दिवशी या पलटणीच्या एका शिपायाने दक्षिणेच्या ‘अठ्ठाविसावी व्हर्जिनिया’ या पलटणीचं निशाण खरोखर हिसकावलं. ते अजून मिनेसोटात आहे. व्हर्जिनिया मागते, मिनेसोटा देत नाही.

‘निशाण’ फारसीतून आलेला. जुन्या मराठीत मोठ्या निशाणाला ‘ढाल’ही म्हणत, त्यावरूनच ‘ढालकाठी’. ती ढाल वाहणारा, फौजेच्या पुढे चालणारा हत्ती म्हणजे ‘ढालगज’. कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या बाईला आपण ‘ढालगज भवानी’ म्हणतो, तो हाच हत्ती. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना तो दिसतो कोण जाणे.

राहिला ‘रेजिमेंट’. इथे मी बिनदिक्कत ‘पलटण’ लिहीन. शब्द ‘बटालियन’वरून आला की ‘प्लाटून’वरून, यावर कोशकारांचं एकमत नाही, पण शिंद्यांच्या कवायती कंपूंत, म्हणजे कवायत शिकवलेल्या फौजांत, पलटणी होत्याच. आज ‘मराठा लाइट इन्फंट्री’ ही एक रेजिमेंट आणि तिच्यात कितीतरी बटालियन. जवान पलटण म्हणतात ते आपल्या बटालियनला. त्या यादवीतली रेजिमेंट कागदोपत्री साधारण हजाराची, दहा कंपन्यांची, म्हणजे आजच्या बटालियनएवढीच. ‘तुकडी’ मात्र नको. दहा माणसांचीही तुकडीच होते.