'गिव्ह अप'ला मराठीत काय म्हणाल? आणि पाणी नेमके कशावर सोडाल?

प्रश्न चाळीसगावचा आहे. शाळेच्या भिंतीवर 'नेव्हर गिव्ह अप' असे रंगवायचे आहे, शेजारी मराठीही हवे. 'कधीही त्याग करू नका' हे चालेल का?

नाही चालणार. मुलांना स्वार्थी व्हायला सांगितल्यासारखे होईल ते. त्याग मोठ्या गोष्टीचा, मोठ्या हेतूने करतात. गणित सुटेना म्हणून वही मिटणाऱ्याने त्याग केलेला नसतो, नाद सोडलेला असतो.

इंग्रजीत 'गिव्ह अप' एकच असले तरी मराठीत प्रसंगाप्रमाणे क्रियापद बदलते. तंबाखू 'सोडतात'. एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा 'देतात'. कोडे सुटले नाही की 'हरलो, सांग आता' म्हणतात. रोग्याची 'आशा सोडतात'. हट्टी पोरापुढे आईबाप 'हात टेकतात', आणि कालपर्यंत डरकाळ्या फोडणारा पुढारी तिकीट कापल्यावर 'नांगी टाकतो'. ही नांगी विंचवाची. पाठीवर कमान करून उभी असते तोवर धाक, खाली पडली की संपला. काही जण अलीकडे याला 'नांगर टाकणे' म्हणू लागलेत. नांगर टाकते ते जहाज, आणि तेही शरण येत नाही, मुक्काम करते.

पण 'गिव्ह अप'च्या सगळ्या प्रतिशब्दांत बावनकशी आहे तो 'पाणी सोडणे', आणि हल्ली वाट लागली आहे तीही त्याचीच. 'गारपिटीने शेतकऱ्यांच्या स्वप्नांवर पाणी सोडले' हे वाक्य दर अवकाळीला ऐकू येते. गारपीट पाणी सोडत नाही, पाणी फिरवते. पाणी सोडणारा मालकच लागतो. ज्याचे आहे तोच सोडू शकतो. विमा मिळाला नाही म्हणून शेतकऱ्याने भरपाईवर पाणी सोडले, हे बरोबर. त्याच्या भरपाईवर दुसऱ्या कोणी पाणी सोडले, हे चूक, तिथे 'फिरवले'.

खानदेशात तर जास्तच जपायला हवे, कारण इथे पाणी खरोखर सोडतात. गिरणेचे आवर्तन सुटते, पांझरेच्या फडांत, म्हणजे सामाईक पाटावरच्या शेतांत, पाटकरी बारीप्रमाणे, म्हणजे पाळीने, पाणी सोडतो. 'केळीला पाणी सोडले' म्हणजे बाग भिजवली. 'केळीवर पाणी सोडले' म्हणजे बागेची आशा संपली. फरक फक्त 'ला' आणि 'वर' यांचा. एवढे बदलले की बागाईतदार रस्त्यावर येतो.

हा 'वर' कुठून आला? पुष्कळ जाणकार छातीठोकपणे सांगतात की पाणी सोडणे हे तिलांजलीतून आले: मेलेल्याला पाणी द्यायचे, तसे हक्काला दिले. ऐकायला छान, पण व्याकरण आडवे येते. तिलांजली नेहमी 'ला' घेते: तत्त्वांना तिलांजली, नात्याला तिलांजली. कारण तिथे ती गोष्ट मेलेली धरली आहे आणि पाणी तिला मिळते. पाणी मात्र हक्कावर, पगारावर, जमिनीवर सोडतात. ती गोष्ट जिवंत असते, जागेवर असते, फक्त आपली राहत नाही. हाताची ठेवणही वेगळी. पितरांचे पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडतात, त्याला पितृतीर्थ म्हणतात. दानाच्या संकल्पाचे पाणी पळीने उजव्या तळव्यावर घेतात आणि बोटांच्या टोकांवरून खाली सोडतात, 'न मम', म्हणजे 'माझे नाही', म्हणत. तुळशीपत्र ठेवतात तेही वस्तूवरच, म्हणून 'घरावर तुळशीपत्र ठेवणे'. दोन विधी, हाताच्या दोन ठेवणी, एकीकडे 'ला', दुसरीकडे 'वर'. तरीही तिलांजलीच म्हणायची असेल तर आधी एवढे सांगा: 'पगाराला पाणी सोडले' असे कोण बोलते?

आणि पुरावा शोधायला फार लांब जायचे कारण नाही. प्रश्नकर्ते चाळीसगावचेच आहेत, त्यांनी तालुक्यातलेच पाटण गाठावे. पाटणादेवीच्या परिसरातला शके ११२८ चा शिलालेख गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा आहे. आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि इतर ग्रंथ तिथे शिकवले जावेत यासाठी तो मठ. श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, आणि कसे दिले तेही कोरले आहे: 'हस्तोदकपूर्वकं'. हातावर पाणी सोडून! आपला वाक्प्रचार आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या दगडावर, भर दानपत्रात.

त्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. बाजारात विकायला येणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राउलाला, म्हणजे राजाला, मिळणारा वाटा 'मढा दीन्हला' असे तो सांगतो. मठाला दिला. 'दीन्हला' वाचून पुण्याकडचे अभ्यासक तळटीप देतात. धुळ्याच्या आठवडे बाजारात अहिराणी बोलणाऱ्याला तिची गरज नाही. 'सोडी दिन्हा', म्हणजे 'सोडून दिला', तो रोज म्हणतो. प्रमाण मराठीने 'दिला' धरला, अहिराणीत तो 'न्ह' अजून खणखणीत वाजतो. अहिराणीला 'बिघडलेली मराठी' म्हणणाऱ्यांनी हा दगड एकदा डोळे उघडून वाचावा. बिघडले काय आणि टिकले काय, ते कळेल.

मधल्या काळात अर्थ मात्र कडवट झाला. सोइदेवाने सोडले ते पुण्यासाठी. आज पाणी 'सोडावे लागते', चरफडत. २०१५ साली गॅसच्या अनुदानासाठी 'गिव्ह इट अप' मोहीम निघाली, तिचे अचूक मराठी 'अनुदानावर पाणी सोडा' हेच झाले असते. पण तसे छापले असते तर एकाने तरी सोडले असते का?

हां, भिंत राहिलीच. 'कधीही पाणी सोडू नका' लिहू नका, नळाखालची सूचना वाटेल. 'हार मानू नका' हिंदी वळणाचे म्हणून काही जण नाक मुरडतात. मुरडू द्या, पण ते भिंतीभिंतीवर लिहून गुळगुळीत झाले आहे. 'जिद्द सोडू नका' लिहा. शाळा अहिराणी पट्ट्यातली आहे, तेव्हा खाली 'हिंमत हारू नको, भो' असेही रंगवा. मुले वरची ओळ पाठ करतील, खालची वापरतील.