पासवर्ड भक्कम, तरी वायफायवर पाहुणा कोण?

प्रश्न : आमच्या वायफायचा पासवर्ड २० अक्षरी आहे, कुणालाही दिलेला नाही. तरी राउटरच्या यादीत एक अनोळखी मोबाइल दिसतो. कसं शक्य आहे?

उत्तर : आधी ते घरातलंच एखादं जुनं उपकरण नाही ना, याची खात्री करा. नसेल, तर माझा पहिला संशय डब्ल्यूपीएसवर, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनने उपकरण वायफायला जोडायच्या सोयीवर. राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर बहुधा आठ आकडी पिन सापडेल. तो ज्याच्या हाती लागला, त्याला राउटर तुमचा पासवर्ड आपणहून देऊन टाकतो, मग तो कितीही लांब असो.

स्टिकर न पाहता पिन ओळखायचा, तर आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता, असं वाटतं ना? पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. शिवाय पहिले चार बरोबर की चूक, हे राउटर वेगळं सांगतो. म्हणजे १०,००० अधिक १,०००, फार तर ११,००० प्रयत्न. एकेकाला तीन सेकंद धरले तरी नऊ-सव्वानऊ तासांत काम फत्ते! ही खोट २०११मध्ये उघड झाली. माझ्याही जुन्या राउटरवर ती सोय कित्येक वर्षं चालू होती. कळलं तेव्हा मी हादरलो होतो.

आजच सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस बंद करा आणि त्यानंतरच पासवर्ड बदला. क्रम उलटा झाला, तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल. अ‍ॅडमिनचा (राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा) मूळ पासवर्डही बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. काही जुन्या राउटरांत बंद केलेलं डब्ल्यूपीएस खरं बंद होतच नाही. तसं आढळलं, तर राउटरच बदला.