फ्लेक्स-लग्नपत्रिकांच्या डिझाइनसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय; पैसे ग्राफिक्स कार्डात घालू की रॅममध्ये?

रॅममध्ये, डोळे झाकून. फोटोशॉप-कोरलड्रॉच्या टू-डी कामाला महागडं गेमिंग कार्ड लागत नाही. थ्रीडी किंवा व्हिडिओ करणार असाल तर गोष्ट वेगळी.

हिशेबच बघा ना. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके), सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) उघडला की पूर्ण भरलेली एकेक लेयर (चित्राचा एकावर एक रचलेला थर) साधारण ६०० एमबी खाते. साहेबांचा फोटो, हार, मागचा ग्रेडियंट, खाली शुभेच्छुकांची रांग... दहा लेयर सहज होतात. ८ जीबीवर मशीन रडतं. १६ घ्याच, आणि पुढे रॅम वाढवायला एक स्लॉट मोकळा ठेवायला सांगा. (हाच फ्लेक्स कोणी ३०० डीपीआयला करत असेल तर ३२ जीबीही पुरणार नाही, आधी त्याला आवरा.)

फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (रॅम भरली की काम तात्पुरतं जिथे साठतं ती जागा) एसएसडीवरच, म्हणजे वेगवान डिस्कवरच ठेवा. जुनी कामं साध्या हार्डडिस्कवर.

उरलेले पैसे मॉनिटरला. आयपीएस पॅनेल (तिरकं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारं), एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचं प्रमाण माप) शंभर टक्क्यांच्या आसपास. माझ्या जुन्या टीएन (स्वस्तातल्या पॅनेलच्या) स्क्रीनवर पत्रिकेचा हळदी रंग झकास दिसायचा, मान जरा तिरकी केली की फिका. छापून आला तो चक्क नारिंगी. चारशे पत्रिका माझ्याच माळ्यावर पडल्यात.